अर्ध्या घोंगड्याचं हाउस

चाळीस मुलं होती आमच्या हाउसमध्ये, आणि चाळीसच्या चाळीस जणांना संत व्हायचं होतं. भिकारी व्हायला एकही तयार नव्हता. खरं म्हणजे एवढं लिहून मी थांबलो तरी चालेल. त्या हाउसबद्दल सांगण्यासारखं सगळं त्यात आलं. पण मी मास्तर होतो, आणि मास्तराला एका वाक्यात थांबता येत नाही.

बेळगावच्या कँपातली ती ख्रिस्ती शाळा. लढाई सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मी तिथं मराठी शिकवायला होतो. शाळेचं नाव मी लिहीत नाही. संताचंही लिहीत नाही. त्या बिचाऱ्यानं माझं काही वाकडं केलेलं नाही.

एकदा आमचे मुख्य फादर सुट्टीत विलायतेला जाऊन आले आणि येताना हाउसचं खूळ घेऊन आले. तिकडच्या मोठमोठ्या शाळांत म्हणे मुलांची हाउसं असतात. झालं, आमच्या तीनशे पोरांपैकी वरच्या वर्गांतल्या एकशेसाठ जणांचेही चार वाटे पडले. हाउस म्हणजे घर. पण त्या घरात राहायचं नाही, जेवायचं नाही, झोपायचं नाही. फक्त बाकीच्या तीन घरांतल्या पोरांचा द्वेष करायचा. रांग सरळ धरली की गुण, प्रार्थना मोठ्यानं म्हटली की गुण, भिंतीवर थुंकलं की गुण कमी. वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त त्या हाउसला एक चांदीचा मुलामा दिलेली ढाल. त्या ढालीपायी पोरं एकमेकांच्या दप्तरात शाई ओतायची आणि मग दोन्ही हात जोडून प्रार्थनेला उभी राहायची.

प्रत्येक हाउसला एक संत नेमून दिला होता. आमच्या वाट्याला आला तो शिपाईगडी. त्याची गोष्ट अशी की हा घोड्यावर बसून एका गावाच्या वेशीपाशी आला. थंडी मरणाची. वेशीत एक भिकारी कुडकुडत बसलेला, अंगावर चिंधी नाही. यानं तलवार उपसली, अंगावरचा झगा मधोमध कापला आणि अर्धा त्या भिकाऱ्याला दिला. गोष्ट चांगली आहे. मला आवडली होती, अजून आवडते. हाउसच्या खोलीत त्या प्रसंगाचं मोठं चित्र लावलं होतं. चाळीस पोरांपैकी एकानंही त्या भिकाऱ्याकडं नीट पाहिलं असेल तर शपथ! सगळ्यांचे डोळे घोड्यावर.

आणि पोरं तरी कुणाची? वकिलांची, मामलेदारांची, निपाणीच्या तंबाखूवाल्यांची. खोलीत दारावर पाटी, 'वाटून घ्या', आणि पाटीखाली बसून निपाणीचा व्यापारीपुत्र भिंतीकडं तोंड करून दशम्या खायचा, कुणाची नजर पडायला नको! तोच आमच्या हाउसचा कॅप्टन. उंच, गोरा, इंग्रजीत फाडफाड बोलणारा. आणि या सगळ्या गोतावळ्याचा हाउस-मास्तर कोण? मी. फादरांनी मला बोलावून छातीवर लाल फितीचं फूल टाचलं, तेव्हा मी जो फुगलो तो फुगलोच. शाळा सुटल्यावरसुद्धा मी ते फूल काढत नसे. ते लावूनच बाजारातून घरी जात असे, आणि लोकांनी विचारावं म्हणून मुद्दाम हळू चालत असे.

नोव्हेंबरात, दिवाळी आटपली की आमच्या संताचा सण यायचा. त्या दिवशी आमच्या हाउसनं तो प्रसंग पटांगणात करून दाखवायचा अशी चाल पडली होती. पालक यायचे, साहेबलोक यायचे, कलेक्टर यायचे. घोडा टांग्याचा. तलवार लाकडाची. भिकारी मात्र दरवर्षी बोर्डिंगमधला एखादा गरीब पोरगा धरून आणायचा, आणि त्याला मग वर्षभर सगळी शाळा 'ए भिकाऱ्या' म्हणूनच हाक मारायची. त्या वर्षी फादर म्हणाले की असं नको, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी निघाली एका वकिलाच्या पोराच्या नावाची. दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब काळा कोट घालून शाळेत हजर.

"माझा मुलगा? कलेक्टरसमोर हात पसरून बसणार? मास्तर, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी म्हटलं, "साहेब, नाटक आहे."

"नाटक आहे तर त्याला घोड्यावर बसवा की!"

वकीलच तो, बिनतोड बोलला. मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणाला ताप आला, कुणाची मुंज निघाली. सण दोन दिवसांवर आला आणि आमच्या संतापुढं बसायला भिकारी नाही. अख्ख्या हाउसची अब्रू जायची वेळ. आणि तेव्हा माझं लक्ष फाटकाकडं गेलं.

फाटकावर आप्पा असायचा. शाळेचा शिपाई. त्याला सगळी शाळा आप्पा म्हणायची आणि वयाचा मान न ठेवता अरे-तुरेही करायची. मीही करत होतो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा. गाव सदलगा. घरात पूर्वी घोंगड्यांचा माग होता, दुष्काळात तो विकला आणि हा बेळगावला आला. घंटा द्यायची, फाटक उघडायचं, पाहुणे आले की सलाम ठोकायचा. कमरेला लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला रोज चिंचेनं घासून असा लख्ख ठेवायचा की फादरांच्या क्रुसापेक्षा तो आधी दिसावा.

त्याची पोरगी दुपारी त्याची भाकरी घेऊन यायची. सोळा वर्षांची, तोंडानं फटकळ. तिचं लग्न सदलग्यात ठरलं होतं. घर चांगलं, पोरगा एकुलता, ऊस-तंबाखूची शेती. आप्पासारख्या शिपायाला असं स्थळ मिळालं ते त्या बिल्ल्याच्या जोरावर. "सायबाच्या शाळंत नोकरी हाय म्हनल्यावर पावनं लगीच हो म्हनले," असं तो दहादा सांगायचा. लग्न माघात व्हायचं होतं. सणाच्या दिवशी आप्पा फाटकावर पट्टा-बिल्ला लावून उभा असतो आणि खुद्द कलेक्टर त्याच्या सलामाला मान हलवतो, हे होणाऱ्या व्याह्यांना दिसावं म्हणून त्यानं त्यांना मुद्दाम त्या दिवशी बोलावून ठेवलं होतं. हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, माहीत होतं.

मी फाटकाशी गेलो. "आप्पा, परवा जरा घोड्यापुढं बसायचं हं."

"कशाला?"

"भिकारी म्हणून."

त्यानं हातातला घंटेचा हातोडा खाली ठेवला. "मास्तर, आमच्या घरात मागायची चाल न्हाय. दुस्काळात बानं माग इकला, पर हात पसरला न्हाय."

"अरे, सोंग आहे ते. तुमच्या गावात सोंगं निघत नाहीत?"

"निगत्यात की. म्या सोता रावन झालतो."

"मग?"

"रावन येगळा, भिकारी येगळा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आनि परवा पावनं यायचं हाइत."

"मग बरंच झालं की! समोर कलेक्टर, मधोमध तू. पाव्हण्यांना कळेल तरी तुझं इथं किती वजन आहे ते."

हे मी म्हणालो, हसत हसत म्हणालो. आज ते आठवलं की आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पोरगी तिथंच भाकरीचं फडकं सोडत बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या संताला भिकारी मिळंना व्हय? मग त्येलाच धाडा आमच्या दारात. भाकरी घालतो." आप्पा तिच्यावर खेकसला. मास्तरांचा शब्द मोडायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो 'व्हय' म्हणाला.

आता झगा हवा. कॅप्टनच्या आईची लाल शाल आणायची ठरली होती. आईनं निरोप पाठवला की शाल न्या, पण घातलेली घडी तशीच परत आली पाहिजे. दुसरं कोण देणार? उत्तम लोकरीच्या शाली घरोघरी पेट्यांत पडलेल्या, पण त्यातली एक बाहेर निघेल तर! दानाचा सण, आणि दान करायला चिंधी मिळेना. शेवटी मी पुन्हा आप्पाकडं गेलो. त्याच्या घरी एक कोरं घोंगडं होतं. माग विकायच्या आधी त्याच्या बापानं त्यावर विणलेलं शेवटचं. पोरीच्या लग्नात नवरा-नवरीच्या खाली अंथरायचं म्हणून डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं.

"कापायचं न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"छे रे. तलवार लाकडाची. नुसती फिरवायची. माझा शब्द."

तर अशी आमची तयारी. भिकाऱ्याचंच घोंगडं संताच्या खांद्यावर टाकायचं, आणि संतानं त्यातलं अर्धं भिकाऱ्याला द्यायचं. आणि यात काही चुकतंय असं आम्हा शिकल्यासवरलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर मनातल्या मनात माझी पाठ थोपटत होतो की सगळं कसं बिनबोभाट जमवलं.

आदल्या दिवशी तालीम झाली. फादर स्वतः उभे. ते मराठी शुद्ध बोलायचे, पण पुस्तकातलं, आणि शाळेत आप्पाला 'आपण' म्हणणारे ते एकटेच. आप्पा खाली बसला आणि त्यानं कसाबसा एक हात पुढं केला.

"नाही, नाही," फादर म्हणाले. "दोन्ही. आपण दोन्ही हात पुढे करावेत. मान खाली. असे." त्यांनी करून दाखवलं. आप्पाचा एक हात पुढं यायचा आणि दुसरा मांडीवरच राहायचा. तीनदा करून घेतलं तेव्हा दुसरा हात सुटला.

सणाचा दिवस उजाडला. पताका, बँड, खुर्च्या. कलेक्टर आले. फाटकावर त्या दिवशी माळी उभा, कारण आप्पा पटांगणाच्या मधोमध गोणपाट गुंडाळून, तोंडाला राख फासून, उघड्या डोक्यानं बसलेला. पट्टा आणि बिल्ला घंटेच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. पाठीमागं, पालकांच्या खुर्च्यांच्याही मागं, सदलग्याचे पाव्हणे उभे होते. मोठा गुलाबी फेटा, हातात नारळ-पानसुपारीचं पुडकं. त्यांची नजर फाटकापासून निघाली आणि माणूस शोधत शोधत पटांगणात येऊन थांबली. मी त्यांच्याकडं बघत होतो, म्हणून मला माहीत आहे. ओळख पटायला त्यांना जरा वेळ लागला.

कॅप्टन घोड्यावर आला. टांग्याचा घोडा तो, गर्दी बघून बिचकला आणि गळ्यातला झेंडूचा हार खायला लागला. कॅप्टननं तलवार उपसली. लाकडाची नव्हती. कँपातल्या कुणा पेन्शनर कर्नलनं हौसेनं आपली खरी तलवार दिली होती आणि फादरांनी ती मला न विचारता कॅप्टनच्या हाती दिली होती. सगळं खरं व्हावं, ही त्यांची इच्छा!

पण तलवार वीस वर्षं भिंतीला टांगलेली, आणि घोंगडं चिंचोक्याची खळ दिलेलं. पावसाचा थेंब आत घेत नाही ते, असल्या तलवारीला काय आत घेणार? कॅप्टन घासतोय, घासतोय, घामाघूम झालाय, घोडा फिरतोय. साहेबांच्या बायका रुमालात हसतायत. शेवटी ड्रिलमास्तर धावला आणि व्हरांड्यात बसणाऱ्या शाळेच्या शिंप्याची भली थोरली कात्री घेऊन आला. असा आमचा संत! घोड्यावर बसलेला आणि हातात शिंप्याची कात्री.

घोंगडं दोन पट्ट्या मधोमध शिवून केलेलं असतं. आप्पानं मान वर केली. भिकाऱ्यानं बोलायचं नाही असं ठरलेलं, तरी बोलला. "धाकलं मालक, मदली शिवन उसवा. उसवली तर परत जोडता येतंय. आडवं कापू नगा."

कॅप्टननं ऐकलं. पोरगं घोटाळलं, माझ्याकडं पाहिलं. मी पटांगणाच्या कडेला उभा. कलेक्टरांनी तेवढ्यात घड्याळ काढलं. मी कॅप्टनला हातानं खूण केली, आटप. त्यानं आडवं कापलं.

टाळ्यांचा कडकडाट. अर्धं घोंगडं आप्पाच्या पुढ्यात पडलं, कापल्या कडेनं लोकरीचे धागे लोंबत. आप्पा उठला, ते उचललं आणि घडी करून फादरांच्या पायापाशी ठेवायला निघाला. सोंग उतरलं की सोंगात मिळालेलं परत करायचं, ही त्याच्या गावची रीत. फादर उभे राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही. हे नाटक नव्हे. हे खरे दान आहे. आपण ते स्वीकारावे." पुन्हा टाळ्या.

आप्पा तसाच उभा. त्याला कळेना काय करावं. मी पुढं झालो आणि दातओठ खात पुटपुटलो, "घे रे. उगाच तमाशा नको."

त्यानं घेतलं. दोन्ही हात पुढं करून, मान खाली घालून. त्या वेळी फादरांना काही शिकवावं लागलं नाही.

त्या वर्षीची ढाल आम्हाला मिळाली. संताच्या वाट्याचं अर्धं घोंगडं काचेच्या चौकटीत घालून हाउसच्या खोलीत लावलं, आणि खाली इंग्रजीत पाटी, 'आमच्या संताचा झगा'. सदलग्याच्या मेंढ्यांची लोकर, आप्पाच्या बापाची मेहनत आणि झगा म्हणे विलायतेच्या संताचा! पोरं त्याच्यासमोर उभी राहून मेणबत्त्या लावायची.

पाव्हणे त्या दिवशी पाण्याला तोंड न लावता गेले. पोरगी तांब्या घेऊन मागं धावली होती, तर म्हणाले, "असू दे पोरी." तिसऱ्या दिवशी निरोप आला, सोयरीक मोडली. भर सभेत व्यापाऱ्याच्या पोराकडून अर्धं पांघरूण भीक घेतो, त्याची पोरगी आमच्या भावकीत चालणार नाही.

आप्पानं त्या दिवशी शाळेची घंटा उशिरा दिली. मग माझ्याकडं आला. ओरडेल, शिव्या देईल, म्हणून मी तयारीत होतो. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, "मास्तर, तुमी जाऊन सांगितलासा तर ऐकतील. तुमच्या शबदाला लई किंमत हाय."

माझ्या शब्दाला! मला कुठं तोंड लपवू असं झालं. रविवारी मी निघालो.

आगगाडीनं चिकोडी रोड, तिथून सर्व्हिस मोटारीनं चिकोडी, पुढं बैलगाडी. वाटेत मी भाषण तयार केलं. नाट्यकला म्हणजे काय, ख्रिस्ती धर्मातली दया म्हणजे काय, भूमिका वेगळी आणि नट वेगळा. चांगलं झालं होतं भाषण. छातीवर लाल फूलही होतं.

पाव्हणे अंगणात तंबाखूची पानं निवडत बसले होते. उठून पाणी दिलं, गूळ दिला, घोंगडीवर बसवलं. मी भाषण सुरू केलं. निम्म्यात त्यांनी हात वर केला.

"मास्तर, सोंग हाय त्ये मला कळत न्हाय, असं वाटलं व्हय तुमाला? आप्पा रावन झालता तवा हलगी मीच बडवत हुतो."

"मग अडचण कसली?"

"एक इचारू? तुमच्या शाळंत मास्तर किती?"

"अकरा."

"पोरं?"

"तीनशे."

"आनि एवढ्यांत भिकारी व्हायला घंटा बडवनाराच गावला? आमच्यात रावन व्हायला भांडनं हुत्यात. ज्येला जे पायजे ते तो घेतोय. आप्पानं भिकारी मागून घेतला असता तर म्या टाळी वाजवली असती. त्येला बसवला. कुनी बसवला?"

मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

"तुमी का न्हाय बसलासा?"

"मी... मी मास्तर आहे," मी म्हणून गेलो.

ते रागावले नाहीत. हसले. "हेच आमची भावकी म्हनती, बगा. दुसरं काय बी म्हनत न्हाय." मग पान निवडता निवडता म्हणाले, "मोडायचं माज्या बी मनात न्हाय. पोरगी चांगली हाय, तोंडाची हाय, तशीच आमच्यात पायजे. पर भावकीचं तोंड बंद कराय पायजे. असं करा. येत्या बाजाराच्या दिशी मारुतीच्या देवळाफुडं तुमी बसा. घटकाभर. त्येच सोंग. घोडा माज्याकडं हाय, मी बसतो. पांगरून बी मीच देतो. अर्धं न्हाय, आख्खं देतो. मग भावकीला सांगतो, बगा, मास्तर सोता बसला, सोंगच हुतं त्ये. माघात लगीन लावून टाकू. जमतंय?"

थट्टा करत नव्हते. डोळ्यात डोळे घालून विचारत होते. एक घटका. अनोळखी गाव. मला तिथं कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. आप्पाला ओळखणारी तीनशे पोरं समोर होती, आणि तो बसला होता.

मी म्हणालो, "बघतो."

बघतो म्हणजे नाही, हे अंगणातल्या म्हशीलाही कळलं असेल. ते पुन्हा पानं निवडायला लागले. बैलगाडीत बसल्यावर मी स्वतःला सांगत होतो, की शाळेच्या शिस्तीत हे बसत नाही, फादर काय म्हणतील, उद्या बेळगावात कळलं तर घरच्यांना तोंड दाखवता येईल का, आणि मुळात या अडाणी माणसानं मला, मला, अशी अट घालावी म्हणजे काय! चिकोडी रोडला पोचेपर्यंत मला त्याचा चांगला संतापही आला होता. बाजाराचा दिवस आला आणि गेला. मी त्या दिवशी शाळेत विभक्ती शिकवली.

मी या हाउसला, त्या ढालीला, त्या वकिलाला, दशम्या लपवणाऱ्या त्या कॅप्टनला एवढी वर्षं शिव्या घालत आलोय. त्यांतली एकही मी मागं घेत नाही. फक्त भिकारी व्हायला तयार नसलेले चाळीस होते असं वर लिहिलंय, ते चूक आहे. एक्केचाळीस होते.

पोरीचं लग्न पुढं चैत्रात झालं, कोगनोळीच्या एका बिजवराशी. दोन पोरांचा बाप, दम्यानं खोकणारा.

पण ते नंतर. सदलग्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा फाटकाशी वाटच बघत होता. पट्टा, बिल्ला, सगळं जागच्या जागी. पोरगीही त्या दिवशी भाकरीची वेळ नसताना आलेली. "काय म्हनलं?" त्यानं विचारलं.

"नाही ऐकलं," मी म्हणालो. "फार सांगून पाहिलं. हट्टी माणूस."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या लाल फुलाकडं पाहिलं, आणि निघून गेली. आप्पानं मात्र मान हलवली. "असू दे. तुमी आमच्यासाठनं एवढ्या लांब गेलासा, हेच लई झालं मास्तर." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच आलं होतं. मग त्यानं घंटेच्या कोनाड्यातून एक घडी काढली. अर्धं घोंगडं. कापलेली कड त्यानं दाभणानं नीट टीप घालून बंद केली होती, धागे सुटू नयेत म्हणून.

"मंडळी म्हनती भिकेचं घरात ठिवायचं न्हाय. टाकून द्याया जीव हुत न्हाय, बाच्या हातचं हाय. तुमी ठिवा. थंडीत अंगावर घ्या."

नको म्हणावं, असं मला वाटलं. पण फादर व्हरांड्यातून बघत होते, पोरं फाटकातून आत येत होती, आणि उगाच तमाशा नको होता. मी दोन्ही हात पुढं केले.